कोरी पाटी

"वाच," तपासणीला आलेले साहेब म्हणाले आणि मराठीचं पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. पानावर बैलाचं चित्र होतं. मी घडाघडा पोळ्याचा धडा म्हणायला लागले. साहेबांनी मला मध्येच थांबवलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"हा कोणता शब्द?"

मला सांगता येईना. म्हणत म्हणत त्या शब्दाशी पोचेन म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सगळा वर्ग हसत सुटला. उघडं पान पोळ्याचं नव्हतंच, ते मोटेच्या धड्याचं होतं.

गुरुजी म्हणाले, "ह्यांच्या लेकरायचं डोकं तेवढंच हाय साहेब."

साहेबांनी मान डोलावली. आणि मला ते खरं वाटलं. आजही लाज वाटते ती याचीच.

गोरेगाव या बाजाराच्या गावापासून कोसभरावर आमचं खेडं. आम्ही नुकते बौद्ध झालेलो, पण शाळेत आमची जागा उंबऱ्यापाशीच होती. मी तिसरीत होते. बा पाटलाकडे सालगडी. संध्याकाळी तो मला विहाराच्या ओट्यावर बसवायचा आणि चार माणसांत पुस्तक वाचायला लावायचा. मी पानं उलटत पाठ केलेलं म्हणायचे. त्याला अक्षर ओळखता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं, पण ते मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी त्यानं विचारलं, साहेब काय म्हणाले. मी सांगितलं, शाबास म्हणाले. बानं ते वस्तीभर सांगितलं. मी दोन दिवस कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

मग शाळेत मी पाहू लागले. रोज डोळ्यांसमोर होतं तेच. गुरुजी पाटलाच्या पोराच्या मागे वाकायचे, त्याची मूठ आपल्या मुठीत धरायचे आणि पाटीवर अक्षर गिरवून घ्यायचे. चुकलं की पुसून पुन्हा. आमच्या पाट्या आम्ही जमिनीवर ठेवायच्या आणि मागे सरकायचं. गुरुजी चालता चालता म्हणायचे, "बराबर." दोन वर्षं माझी एकही चूक निघाली नव्हती. त्याचा मला केवढा ताठा होता.

एका सकाळी मी पाटी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसली. काही लिहिलं नाही. तशीच जमिनीवर ठेवली आणि मागे सरकले.

"बराबर," गुरुजी म्हणाले आणि पुढे गेले.

मी पाटी उचलली, त्यांच्यामागून गेले आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. तिथवर आमच्यातलं कुणी गेलं नव्हतं.

"गुरुजी, ही कोरी हाये."

"जागेवर जाय."

"न्हाई. तुमी पायलंच न्हाई."

त्यांनी छडी घेतली. छडीला विटाळ होत नव्हता. हातावर वळ उठले. मी रडले, पण शाळा सुटेपर्यंत पाटी उचलली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्यावर 'क' काढून पुन्हा टेबलावर ठेवली. पुन्हा मार. असं किती दिवस चाललं, ते मी मोजलं नाही. शेवटी वैतागून त्यांनी छडीच्या टोकानं दाखवलं, हा 'क' उलटा आहे. मला मिळालेली ती पहिली चूक. मी ती पुसली आणि सुलटा काढला.

वाचायला मी अशी शिकले, छडीच्या टोकाकडून. बाला मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही, की ओट्यावर मी वाचत नव्हते, नुसतं पाठ म्हणत होते.

आता गुरुजी फार म्हातारे झालेत. गावी गेले की लोक म्हणतात, बाई, तुमी शिकल्या त्यांच्यामुळं, जाऊन पाया पडून या. मी जात नाही. ज्यानं लेकराच्या हाताला हात लावला नाही, त्याच्या पायाला मी हात लावणार नाही.