मिस्त्रींचा कोपर

"चित्रात फळीसुद्धा काढलीस! अगं, निदान फळी तरी गाळायचीस!" मिस्त्रींनी पाण्याचा पेला ओट्यावर आपटला. "मिस्त्रीची बायको फळीवर चढून स्वयंपाक करते, असं जगभर झालं."

"करतेच की," ती म्हणाली. "अठरा वर्षं."

"उलट उत्तरं द्यायला शिकवतात वाटतं तुझ्या कॉलेजात?"

"नाही हो, ते माहेरूनच घेऊन आले होते. कॉलेजात नुसत्या रेघा शिकवतात."

लेक फिसकन हसली. सासूबाईंनी डोळे वटारले तशी तिने तोंड पुस्तकात खुपसलं.

भांडणाचं मूळ म्हणजे कॉलेजच्या तळमजल्यावर टांगलेला एक कागद. इंटिरियर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांची कामं तिथे लावली होती, आणि त्यांत एक्केचाळीस वर्षांच्या या 'मुली'चंही होतं. घरचंच स्वयंपाकघर उभं कापून दाखवलेलं : भिंत, ओटा, वरची कपाटं, ओट्यापाशी एक बुटकी बाई आणि तिच्या पायांखाली सहा इंच उंचीची फळी. सगळं काटेकोर मापात. मिस्त्रींचं एक जुनं गिऱ्हाईक पुतणीचं काम बघायला तिथे गेलं, कागदाखालचं नाव वाचून आलं आणि फोनवर म्हणालं, "काय मिस्त्री, वहिनींना एक शिडीच करून द्यायची की!"

मिस्त्रींना ते फार लागलं. हेच स्वयंपाकघर ते नव्या गिऱ्हाइकांना घरी आणून दाखवायचे. त्यांचं नाव झालं होतं ते एका गोष्टीसाठी : ओट्याची उंची ते टेपने घेत नसत. भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, हात दुमडायचे आणि कोपराखाली वीतभर जागा सोडून खडूची खूण करायचे. छत्तीस इंच. कुठल्याही घरात, सुताचाही फरक नाही. बघणारा तोंडात बोट घालायचा. मिस्त्री होते सहा फूट.

ती चार फूट अकरा. लग्न होऊन आली तेव्हा या ओट्यावर चिरायला सुरी धरली की खांदे कानांना लागायचे. तक्रार करावी असं मनातही आलं नाही. वर्कशॉपमध्ये पडलेली एक फळी उचलून आणली, खाली दोन ठोकळे ठोकले आणि चढली. पुढे गिऱ्हाइकांच्या कामांची मापंही तीच वहीत उतरवू लागली. प्लाय इतका, दारं इतकी, ओटा छत्तीस. काम पुरं झालं की घरातली बाई चाचरत विचारायची, "जरा उंच नाही का झाला?" आणि तीच हसून सांगायची, "होते हो सवय."

कॉलेजात तिला धाडलं ते मिस्त्रींनीच. गिऱ्हाइकं कॉम्प्युटरवरची चित्रं मागायला लागली होती. "चार रेघा शिकून ये, आपलं काम भागेल," म्हणाले. पहिल्याच महिन्यात मॅडमनी वर्गाला एकमेकांच्या अंगाची मापं घ्यायला लावली. "काकू, हात दुमडा," म्हणत अठरा वर्षांच्या एका पोरीने जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावला. "सदतीस." घरी आल्यावर ती भिंतीला टेकली, कोपराखाली स्वतःची वीत सोडली, खूण केली. तीस. खुणेकडे बघता बघता तिला एकेका घरातली बाई आठवायला लागली. सवय होते म्हणून आपणच जिची बोळवण केली, ती प्रत्येक बाई.

"ऐकतेयस ना?" मिस्त्री म्हणाले. "उद्या जाऊन ते चित्र उतरवून आण. नाहीतर परीक्षेचं नाव काढू नकोस. बास झालं शिक्षण."

"काढून टाक बाई," सासूबाई म्हणाल्या. "घरचं उणं असं चव्हाट्यावर टांगतं का कुणी? मीही केलाच ना या ओट्यावर स्वयंपाक?"

"किती वर्षं, आई?"

"दोन. तू यायच्या आधी. मग माझे खांदेच..." आपला उजवा खांदा चोळत सासूबाई ओट्याकडे बघत राहिल्या.

मिस्त्रींचा आवाज जरा खाली आला. "म्हणजे माझी रीत खोटी? माझ्या बापाची रीत आहे ती."

"रीत शंभर नंबरी आहे. मी मॅडमनाही तेच सांगितलं. पण इथे उभं कोण राहणार, ते कधी विचारलंत का? आणि मी तरी कुठे विचारलं? डोळे मिटून छत्तीस लिहीत गेले."

"मग आता काय, दोनशे घरं फोडत फिरणार?"

"नाही. एकच."

तिने हात पुसले आणि तिघांकडे बघून, बाजाराची यादी सांगावी तशा सुरात सांगितलं, "चित्र उतरणार नाही. परीक्षा सोळा तारखेला आहे, ती मी देणार. उद्या आठला तुमचाच गवंडी येतोय, मी त्याला सांगून ठेवलंय. हा ओटा फोडून तीस इंचांवर नवा घालायचाय. चार दिवस या घरात गॅस पेटणार नाही. बाहेरून काय आणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. चौघांचं आणा, मीही जेवणार आहे."