सासूची जुनी पाटी
तांदळाचा कोंडा पाण्यात भिजला की जो आंबूस वास येतो, तो आला की मला रेवदंड्याचं आमचं परस आठवतं. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी नवी सून, आणि माहेराहून आणलेली चार बदकं मी सासूच्या कोंबड्यांत सोडली होती. बदकं पाण्याच्या मातीच्या परळात चोची बुचकळून सगळा चिखल करत, त्यात कोंबडीची पिल्लं भिजत आणि गारठून मरत. तिसरं पिल्लू गेलं तेव्हा सासू म्हणाली, “बदकां नि कोंबऱ्या एका परसान नांदत न्हाय. येत्या बाजारान ही जातील.” दुसऱ्या दिवशी ती मासळी विकायला गेल्यावर मी तिची जुनी बांबूची पाटी काढली. तीच डोक्यावर घेऊन ती वर्षानुवर्षं दारोदार फिरली होती. मी न विचारता कोयत्याने पाटीच्या कडेच्या एकाआड एक कांब्या कापल्या, पाटी पालथी घातली आणि आत पाण्याची करवंटी ठेवली. पिल्लं फटींतून सुळकन आत जाऊन पाणी पिऊ लागली. बदकं बाहेरच कलकलत राहिली, मग न्हाणीच्या सांडपाण्यात जाऊन डुंबली. दुपारी सासू परतली. पाटी बघून तिचा चेहरा असा झाला की मी दाराआड सरकले. पण कोरडी ठणठणीत पिल्लं आत-बाहेर करताना ती बघतच राहिली, डोक्यावरची नवी पाटी उतरवायचंही विसरली. संध्याकाळी तिने आपली खुडूक कोंबडी उचलली आणि माझ्या बदकांच्या अंड्यांवर बसवली. पुढे मला पुष्कळांनी शाबासकी दिली. पण अशी, एक शब्दही न बोलता, कोणी दिली नाही.