आवाज बंद करून पाठवलेले व्हिडिओ

इक्बालभाईंच्या फोटोखाली आज ज्यांनी ज्यांनी 'लेजंड' लिहिलंय, त्यांनी आधी स्वतःचे गेल्या सीझनचे व्हॉइस नोट ऐकावेत.

मी ऐकलेत. टीमच्या जर्सी धुण्यापासून पोह्यांच्या डब्यापर्यंत सगळं माझ्याकडे, म्हणून ग्रुपची ॲडमिनही मीच.

आज इक्बालभाईंना जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इक्बालभाई रत्नागिरीकडचे, इथे आखातात मीना सलमान बंदरावर एका वर्कशॉपमध्ये वेल्डर. आणि शुक्रवारी आम्हा कोकणवाल्यांच्या फुटबॉल टीमचे सेंटर मिडफिल्डर. मागून आलेला प्रत्येक बॉल त्यांच्या पायातून पुढे जायचा.

म्हणून प्रत्येक पराभवाचं खापरही त्यांच्याच डोक्यावर.

गेल्या सीझनला आपण हरतच होतो. मॅच संपली की ग्रुपवर कोर्ट भरायचं. एक गट म्हणायचा, इक्बालला काढा. दुसरा म्हणायचा, मग बॉल देणार कोण, तुझा काका?

अमवाजला समुद्राकाठच्या बंगल्यात राहणारे आपले एक साहेब, ज्यांनी जन्मात बॉलला पाय लावला नाही, ते सोफ्यावरून लांबलचक व्हॉइस नोट टाकायचे. "ही कान्ट रीड द गेम. सिंपल."

साहेब, गेम राहू दे. तुम्हाला समोरचा माणूस तरी वाचता आला का?

खोटं कशाला बोलू? त्यांचे पास चुकायचे. मी आंधळी नाही. ड्यूटीवरून थेट ग्राउंडवर यायचे, बूट कॅरीबॅगमध्ये. पाय जड झाले होते, दिसत होतं.

पण आपले पुढचे तिघे बॉल गेला की कमरेवर हात ठेवून उभे राहायचे, त्यांचं काय? गोलकीपर दर आठवड्याला नवीन, ज्याची शिफ्ट नसेल तो. त्याचं काय?

हे कुणी बोललं नाही. कारण इक्बालभाईंनी तुमची सोयच करून ठेवली होती.

आपल्यावर गोल बसला की ते हात वर करायचे. "माझी चूक! खलास! यल्ला, पुढे!"

चूक कुणाचीही असो.

आपल्याकडे हात वर करणं म्हणजे अंग काढून घेणं. हा माणूस अंगावर घ्यायला हात वर करायचा. आणि तुम्ही शहाण्यांनी तोच हात पुरावा धरलात.

एकदा तर गोल शंभर टक्के माझ्या नवऱ्यामुळे बसला. सुनील, लेफ्ट बॅक, पहिलीच मॅच. बॉल त्याच्या पायाखालून गेला आणि हा बुटाची लेस बघत उभा. हात वर कुणाचा? इक्बालभाईंचा.

मी नंतर चहा देताना विचारलं, "भाई, तुम्ही का घेतलंत अंगावर?"

"वैनी, पयल्याच मॅचला शिव्या खाल्ल्या तर सुनील परत येल काय? मना काय, माजी कातडी वेल्डरची."

त्या दिवशी ग्रुपवर भाईंची सालटी काढत होते, तेव्हा सुनीलने काय लिहिलं माहितीय? काहीच नाही. या पोस्टमध्ये त्यालाही टॅग केलंय. घरात बोलून झालं, आता इथे.

त्यांच्या शेवटच्या मॅचला ते मध्येच खाली बसले. छातीवर हात.

व्हिडिओत आपल्यातल्याच एकाचा आवाज आहे. "बघा, पास चुकला की नाटक सुरू!" आणि वर हशा.

ते उठले आणि त्यांनी पुन्हा हात वर केला. दमल्याचीसुद्धा माफी मागितली त्या माणसाने.

दोन दिवसांनी वर्कशॉपमध्येच कोसळले. हॉस्पिटलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आणि आता पोस्टर! 'इक्बालभाई स्मृती चषक.' भाईंचा फोटो कोपऱ्यात, अमवाजच्या साहेबांचा मधोमध. जनाची नाही तर मनाची तरी ठेवा.

पण मी पेटलेय ते पोस्टरमुळे नाही.

भाईंची मुलगी सानिया गावाला आईजवळ असते, आठवीत आहे. तिने अब्बांना खेळताना कधीच पाहिलं नव्हतं. गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला. "काकी, अब्बांच्या मॅचचे व्हिडिओ आहेत का?"

आहेत ना. ढीगभर आहेत.

उम्म अल हस्समच्या माझ्या किचनमध्ये बसून मी एकेक उघडला. एकही असा नाही ज्यात मागून शिवी नाही.

"म्हातारा!"

"काढा रे ह्याला!"

"घालवली परत!"

तुमचे आवाज. मी एकेकाचा ओळखते. सांगा, बाप गेलेल्या पोरीला यातलं काय पाठवायचं होतं मी?

रडू येत होतं आणि डोकंही सणकत होतं. शेवटी सगळ्यांचा आवाज बंद केला आणि पाठवले. छातीवर हात असलेला तेवढा माझ्याकडेच ठेवला.

काल तिचा फोन आला. किती दिवसांनी ती पोर हसत होती.

"काकी, अब्बा किती गोल मारायचे! जो व्हिडिओ बघावा त्यात हात वर!"

मी म्हटलं, "हो गं बाळा. खूप मारायचे."

आता नीट ऐका. ही पोस्ट फक्त फ्रेंड्ससाठी आहे, शेअर करायची नाही. सानिया माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये नाही. शुक्रवारी मी तिला व्हिडिओ कॉलवर चषकाची मॅच दाखवणार आहे, तुम्ही सगळे तिच्याशी बोलणार आहात.

तो हात कशासाठी वर जायचा, हे तिला कुणी सांगितलं तर त्याला ग्रुपमधून काढीन, टीममधून काढीन आणि त्याचे जुने व्हॉइस नोट त्याच्या आईला पाठवीन. मी गंमत करत नाहीये.

तिचे अब्बा गोल मारायचे. ठरलं.

कुणाला खरं बोलायची फारच हौस असेल, तर त्याने आधी स्वतःचा हात वर करावा.

इक्बालभाई, सगळ्या चुका तुमच्या नव्हत्या हो.

आता हात खाली घ्या.

खुदा हाफिज, भाई.