कशालामावशी आणि कॉर्सेट

कशालामावशींचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बारामतीतल्या कपड्यांच्या कारखान्यात त्या मशीनवर शिवायच्या आणि मी शेजारच्या टेबलावर तयार माल तपासायचे. हातात नवीन काही आलं की मशीन थांबवून त्या विचारायच्या, "हे कशाला?" उत्तर पटेपर्यंत मशीन बंद.

एकदा परदेशातून कॉर्सेटची ऑर्डर आली. कंबर बारीक दिसावी म्हणून तिकडच्या बायका घालतात ती घट्ट चोळी, एवढंच कारखान्यातल्या कटिंगमास्तरांनी सांगितलं. बारा उभे तुकडे, शिवणींत पोलादी पट्ट्या, पाठीवर आवळायची दोरी.

"अन् ती बाई भाकरी खाती कशी?" मावशींनी विचारलं. मास्तर हसून पुढं गेले. जेवणाच्या सुट्टीत मावशींनी एक नापास नग साडीवरून चढवला, मला दोरी ओढायला लावली आणि खरोखरच डबा उघडून बसल्या. चार घास खाऊन म्हणाल्या, "घास जातोय खाली, पर श्वास वरच ऱ्हातोय."

मास्तरांना विचारून त्यांनी तो नग उसवला. आठवडाभर रोज सुट्टीत ते तुकडे मांडीवर. शेवटी मला जवळ बोलावलं. "बघ, परत्येक तुकडा मधी निमुळता कापलाय. दोरीनं न्हाय गं, कंबर कात्रीनं हुतीया. पट्ट्या निस्त्या कापडाला उभं धरत्यात." त्या दिवशी कळंबच्या बसमध्ये चढताना त्यांचा चेहरा परीक्षा पास झाल्यासारखा होता.

माझा उजवा खांदा लहानपणापासून वर आहे, पाठीचा कणा बाकदार. त्यावरून दोन स्थळं परत गेली होती. तिसरी मंडळी इंदापूरहून यायची ठरली, तेव्हा आईनं मावशींना गाठलं. "खांदं सारखं दिसतील असं पोलकं शिवून द्या."

मावशींनी माझ्या डाव्या बाजूचं माप वेगळं घेतलं, उजव्या बाजूचं वेगळं. आजवर शिंप्यांनी एकाच बाजूचं घेतलं होतं, आणि माझं प्रत्येक पोलकं खांद्यावरून घसरत आलं होतं. हे घसरलं नाही. डाव्या खांद्याला उंची द्यायची गादी मात्र त्यांनी शिवून टाकली नाही, हुकांवर ठेवली. "लावायची का काढायची, तुझं तू बघ."

पाहुणे यायच्या सकाळी मी गादी लावली. आरशातली मुलगी सरळ होती, देखणीही होती. पण तिला रोज कुठून आणायची? मी हुक काढले. आई रडली. नकार आला.

सोमवारी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बसताना काचलं का गं कुठं?" तेव्हा कुठं मला रडू आलं.

दीड वर्षानं माळेगावचं स्थळ आलं. मुलानं खांद्याचं विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "दुखतं का?" त्याच्याशीच माझं लग्न झालं.

अक्षता पडल्या, मावशी स्टेजवर आल्या, आणि आशीर्वाद द्यायचं सोडून नवऱ्याच्या कोटाचा खांदा चाचपू लागल्या. "जावईबापू, ह्याच्या आत काय घातलंय?" सगळे हसले. त्यानं मात्र कोट काढून त्यांच्या हातात दिला.

त्याच वर्षी पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन मावशी गेल्या. माझ्याकडे त्यांचा एकच फोटो आहे, लग्नातला. त्यात माझा नवरा फेटा बांधून, बिनकोटाचा उभा आहे, आणि मावशी कॅमेऱ्याकडे पाठ करून त्याच्या कोटाचं अस्तर दिव्याच्या उजेडात धरून बघताहेत.