मायाप्पानं घातलेलं नाव

बेळगावात उद्यमबागेतल्या एका छोट्या कारखान्यात मायाप्पा आणि मी चौदा वर्षं शेजारी उभे होतो. मोडलेलं हाड जोडायला आत बसवतात त्या पोलादी पट्ट्या आम्ही करायचो. मी भोकं पाडायचो, तो पॉलिश करायचा. मांडीच्या एका पट्टीला त्याला सव्वा तास लागे. त्याहून लवकर होत नाही. चाकावर घाई केली की पट्टी तापते, निळी पडते, मग ती फेकायची. चौदा वर्षांत त्याच्या सात पट्ट्या निळ्या झाल्या.

तो मूळचा निपाणीचा. आधी तिथं भांड्यांच्या दुकानात नावं घालायचा. पुढं बेळगावच्या अनगोळात राहायला आला तरी शेजारपाजारचे लोक तांबे, ताटं घेऊन त्याच्याकडे येतच. अक्षर तसं होतं.

पॉलिशनंतर पट्ट्या ॲसिडात बुडवायच्या. का, ते मालकांनी एकदा सांगितलं होतं. ॲसिडानं पोलादावर साल धरते, डोळ्याला दिसत नाही इतकी पातळ. अंगातलं पाणी खारट. साल आहे तोवर ते पोलादाला लागत नाही आणि शरीर पट्टीला सोसतं. कारखान्याचा नंबर कोरायचा तो पॉलिशच्या आधी. ॲसिडानंतर पट्टीला उघडा हात लावायचा नाही. हे आम्हाला पाठ होतं. कळलं नव्हतं.

१९७९ साली मायाप्पाची धाकटी बहीण शेवंताबाई निपाणीत तंबाखूच्या वखारीच्या पायऱ्यांवरून पडली. मांडीचं हाड मोडलं. नवरा वारलेला. मांडी घालून, सूप मांडीवर घेऊन ती दिवसाला हजार विड्या वळायची. त्यावर घर चाले. बेळगावात ऑपरेशन ठरलं. मालक म्हणाले, पट्टी आपल्यातलीच ने. मायाप्पानं तयार मालातल्या बारा पट्ट्या खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिल्या आणि एक निवडली. जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाला,

"जोत्या, जरा धर हिला. नाव घालतो."

"कुणाचं?"

"शेवंताचं. दवाखान्यात धा पट्ट्या एकाच डब्यात उकळत्यात. हिची दुसऱ्या कुणाला गेली म्हंजे?"

"गेली तर गेली. त्या बी तूच घासल्यात की."

"ही लई बरी हाय रं. धर. आनि गप ऱ्हा."

व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली असती तर ओरखडे उठले असते. मी धुतलेले हातमोजे घातले आणि लाकडावर पट्टी दाबून धरली. त्यानं लोखंडी छिन्नीला टोक काढलं आणि तीन अक्षरं घातली. शेवंता. मग पट्टी साबणानं धुतली, उकळली. भीती घाणीचीच असते असं आम्हाला वाटलं. पुन्हा ॲसिडात टाकायची का, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही.

पाच महिने बरे गेले. शेवंताबाई काठी घेऊन चालू लागली. सहाव्या महिन्यात मांडी दुखायला लागली, सुजली, मग जखमेतून पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी पट्टी काढली आणि कारखान्यात पाठवून दिली. सगळी चकचकीत होती. फक्त तीन अक्षरं तपकिरी.

मालकांनी ती बाकावर ठेवली. "हे कुणी घातलं?"

"मी," मायाप्पा म्हणाला.

"छिन्नी लागली तिथं साल गेली. वर लोखंडाचे कण आत राहिले. अंगाला ते सोसलं नाही." ते ओरडले नाहीत. "एकट्यानं केलंस?"

"एकट्यानं."

मी ड्रिलपाशी होतो. मशीन बंद होतं. मी बोललो नाही.

दुसऱ्या पट्टीनं हाड जुळलं, पण गुडघा वाकेना. मांडी घालता येईना. खुर्चीवर सूप नीट टेकत नाही, पान निसटतं. हजाराच्या जागी चारशे विड्या होऊ लागल्या. मायाप्पा दर रविवारी निपाणीला जाऊन तिला आठवड्याची विडीची पानं कापून देई. शेजाऱ्यांची भांडी तो परत पाठवू लागला. हात थरथरतो, असं सांगायचा. चाकावर त्याचा हात शेवटपर्यंत थरथरला नाही.

१९८८ साली तो काविळीनं गेला. पाचव्या दिवशी मी निपाणीला गेलो. शेवंताबाई दारात खुर्चीवर बसली होती, पाय सरळ पुढं.

"आक्का, एक सांगायचं ऱ्हायलंय. नाव घालताना पट्टी मी धरलती."

ती म्हणाली, "आण्णा तर नऊ वर्सं एकट्यानंच केलं म्हनायचा."

"व्हय."

"एका हातात छिन्नी, दुसऱ्यात हातोडी. मग धरनार कोन? मी काय खुळी हाय? ल्हानपनी दुकानात त्याची भांडी मीच धरायची. कुनीतरी हुतं, एवढं ठावं हुतं मला."

मी पायरीवर बसलो.

"मला वाचता येत न्हाय," ती म्हणाली. "अक्षर कसं आलतं?"

"लई सुरेख. मी हललो न्हाय."

तिनं पदर तोंडाला लावला. रडून झाल्यावर म्हणाली, "उठवा मला. आधी काखंत हात घाला, मग काठी द्या. आण्णा तसंच उठवायचा."

पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा तिचा पाय फरशीवरून घसरला. तिसऱ्यांदा ती उठली.