डॉक्टर कंपनीचे कोण लागतात?

तीस वर्षं पोरांना वर्गाबाहेर उभं करायची सवय लागलेल्या बाईला निवृत्तीनंतर कुठल्या समितीवर घेऊ नये. मला घेतलं. वर्ध्यातल्या एका खाजगी दवाखान्याची नैतिकता समिती होती. नवीन औषध रोग्यांवर तपासून पाहायचं असलं, की आधी या समितीचा होकार लागतो आणि समितीत डॉक्टरकीशी संबंध नसलेला एक साधा माणूस असावाच लागतो. तो साधा माणूस मी. घरी सांगितलं तर नवरा पोट धरून हसला.

माझा नवरा आमच्या गावी, आंजीला, वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावतो. त्याला साखरेचा आजार आहे. दोन वर्षांपूर्वी डाव्या पायाची जखम चिघळली आणि दुसऱ्या एका दवाखान्यात पाय कापायची गोष्ट निघाली. या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी तो पाय राखला. तेव्हापासून दर गुरुवारी पट्टी, आणि वांग्याचा पहिला तोडा डॉक्टरांच्या घरी. आमच्या गावात ज्यांना ज्यांना त्यांच्या हातून गुण आला, त्या सगळ्यांचं असंच आहे. शेतातलं पहिलं त्यांना, मग बाजाराला.

एके दिवशी समितीपुढे साखरेच्या जखमांवरचं एक नवीन मलम आलं. तपासणी करणार होते हेच डॉक्टर, आणि ते समितीचे सभासदही होते. रोग्याला वाचून दाखवायचं संमतिपत्र चौदा पानांचं होतं. मी कुठलाही कागद मागच्या पानापासून वाचते. पोरं खरी अडचण वहीच्या मागच्या पानांवर लिहितात, ही शाळेत शिकवतानाची खोड. म्हणून अकरावं पान मला लवकर सापडलं. तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की मुख्य संशोधक मलम बनवणाऱ्या कंपनीचे सल्लागार आहेत आणि त्याचं त्यांना मानधन मिळतं.

ज्याचा विषय त्यानं बाहेर जायचं, असा नियम आहे. अध्यक्षांनी तो वाचलासुद्धा. पण चहा आला होता, आणि एवढ्या मोठ्या माणसाला ऊठ कोण म्हणणार? "सर, बसा हो, तुम्ही घरचेच," सचिव म्हणाले. डॉक्टरांनी बिस्किट उचललं.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही बाहेर बसा," मी म्हणाले.

म्हणाले खरी, पण मग पट्टी आठवली. गुरुवार परवावर आला होता. या माणसाच्या हातात माझ्या नवऱ्याचा पाय होता आणि मी त्याला चारचौघांत वर्गाबाहेर काढत होते.

डॉक्टर उठले. दारात थांबून शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचे यजमान माझे पेशंट. मग तुमचाही हितसंबंध नाही का?"

झोंबलं. पण बरोबर होतं. दुसऱ्याची वही तपासताना मी माझी कोरी ठेवली होती. मी कागदावर तसं लिहून दिलं आणि उठले. तेव्हा सचिवांच्या लक्षात आलं की साध्या माणसाशिवाय सभाच चालत नाही. सभा तिथेच मोडली.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो.

"औषध चांगलं आहे, बाई. माझा विश्वास आहे," डॉक्टर म्हणाले.

"असेल. पण तुम्ही विचारल्यावर आमच्या गावात आजवर नाही कोण म्हणालं?"

त्यांनी खरंच आठवून पाहिलं. "कोणीच नाही."

"म्हणजे तुम्ही विचारत नाही, सांगता. आणि ते अकराव्या पानावरचं?"

"नियमाप्रमाणे लिहिलं आहे."

"नियमाप्रमाणे लपवलं आहे."

त्यांचे कान लाल झाले. नमस्कारही न करता ते निघून गेले.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पायाकडे बघत बसला. "पाय माहा, अन् भांडण तुहं," तो म्हणाला. "तू काऊन बोलली? आता त्यायनं पट्टी नाई बांधली तं?" गुरुवारी डॉक्टरांनी पट्टी बांधली, नेहमीसारखीच नीट, पण गाठ मारताच पुढच्या पेशंटला हाक मारली. मला दोष देत नवरा महिनाभर जेवला.

पुढच्या सभेच्या आधी मात्र डॉक्टरांचं पत्र आलं. स्वतःच्या पेशंटला ते स्वतः विचारणार नव्हते. दुसऱ्या विभागातली डॉक्टर विचारणार, आणि तेव्हा ते खोलीतही नसणार. कंपनीशी त्यांचा संबंध पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत. त्या पानाचं मराठी बाईंनी करून द्यावं, असं खाली पेनानं लिहिलं होतं. ते पत्र मी दोनदा वाचलं आणि मला रडू आलं.

मी मथळा दिला: 'डॉक्टर या कंपनीचे कोण लागतात?' समितीतल्या वकिलांनी नाक मुरडलं. मी म्हटलं, आमच्याकडे सोयरीक असो की शेताचा सौदा, पहिला प्रश्न हाच विचारतात. मथळा राहिला. मतदानाला मी बाहेर होते आणि केळझरचे एक निवृत्त पोस्टमास्तर साधा माणूस म्हणून आत बसले. डॉक्टरही बाहेर होते. या वेळी त्यांनी माझ्यासाठीही चहा सांगितला.

मंजुरी मिळाली, आणि ज्यांना विचारायचं त्या रोग्यांच्या यादीत माझ्या नवऱ्याचं नाव निघालं. विचारायला एक तरुण डॉक्टरीण बसली. मी तोंड शिवून बाजूला. नवऱ्यानं पहिल्या पानावर बोट ठेवून मथळा वाचला.

"कोण लागतात मंग?"

"सल्लागार आहेत. त्याचे पैसे मिळतात त्यांना."

"अन् मी नाई म्हटलं तं माही पट्टी?"

"आहे तशीच चालू राहील, काका."

त्यानं कागद घडी घालून तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "मंग नाई."

चाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं कंपाउंडरलासुद्धा नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. औषध वाईट होतं असं माझं म्हणणं नाही. त्यानं घेतलं असतं तरी माझी हरकत नव्हती. पण त्याला विचारलं गेलं आणि त्यानं ठरवलं, याचा मला इतका आनंद झाला की परतीच्या वाटेवर मी त्याला आलुबोंडा खाऊ घातला. साखर असून.

त्याचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. गुरुवारी तो वावरातून भली मोठी पिशवीभर वांगी घेऊन आला. तोडा चौथा होता.

डॉक्टरांनी जखम धुतली, बघितली. "भरत आली आहे," ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष पिशवीकडे गेलं. "पहिला तोडा तर कधीच झाला. ही कशाची?"

नवऱ्यानं मान खाली घातली. "ते... नाई म्हटलं ना मी तुमाले."

डॉक्टरांनी पट्टीची शेवटची गाठ मारली. "नाही म्हणायचा दंड लागत नाही, भाऊ. पिशवी घरी न्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, हेही पहिल्या पानावर लिहायला हवं होतं."

संध्याकाळी बुद्धविहारापुढच्या ओट्यावर नवरा पाय लांब करून बसला. "म्या डॉक्टरले नाई म्हटलं, तरी त्यायनं पट्टी बांधून देल्ली." येईल त्याला हेच सांगत होता. घरी वांग्याचं भरीत शेजारपाजारच्यांनाही पुरलं.

पुढे आंजीहून आणखी तिघांना बोलावलं. दोघांनी डॉक्टरिणीला प्रश्न विचारून विचारून दमवलं आणि मग सही केली. तिसरी, आमच्या मागच्या गल्लीतली म्हातारी, नाही म्हणाली. गुरुवारी ती पट्टीच्या रांगेत दिसली तेव्हा मी आधी तिच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात रिकामे होते.