घाटावरचे चार सेकंद

दुपारचं जेवण झालं की केरबा सुतार खिडकीखालच्या कॉटवर आडवा होतो आणि पंच्याचं टोक डोळ्यांवर ओढून घेतो. रोज लगेच डोळा लागतो. आज झोप उंबऱ्याशी येऊन उभी आहे आणि आत यायचं नाव घेत नाही. वर पंखा कुरकुरतोय. सुनेनं परीटघडीचं धोतर आणि नवा सदरा खुर्चीवर काढून ठेवलाय, कारण संध्याकाळी सहाला केरबाचा सत्कार आहे. शाल, श्रीफळ आणि फेटा. शहाऐंशीव्या वर्षी माणसाला फेटा बांधतात तेव्हा एक तर त्यानं काहीतरी थोर केलेलं असतं, नाहीतर त्यानं काय केलंय ते कुणाला ठाऊक नसतं.

केरबा दुसऱ्यात मोडतो.

कोल्हापुरात दर वर्षी थंडीत ‘उजाळा’ महोत्सव भरतो. जुने, चरे पडलेले, बुरशी लागलेले सिनेमे कुठून कुठून शोधून आणतात, धुऊनपुसून नीट करतात आणि आठवडाभर दाखवतात. यंदा शेवटच्या दिवशी ‘वरातीची वाट’ आहे. पन्नासएक वर्षांपूर्वी इथंच पंचगंगेच्या घाटावर त्याचं शूटिंग झालं होतं. सिनेमा काही फार चालला नाही. त्याची एकच प्रत उरली आणि ती निघाली चंद्रमणी टॉकीजच्या कोठीतून. केरबा तिथं तीस वर्षं ऑपरेटर होता. दर पावसाळ्यानंतर डबे उघडून त्यांना वारा द्यायचं काम त्यानं न सांगता केलं. म्हणून सत्कार.

आज सकाळी महोत्सवाची नेत्रा घरी येऊन गेली. सिनेमा नीट करायचं काम तिनंच वर्षभर बसून केलं. चहा घेता घेता म्हणाली, “आजोबा, सगळं जुळलं. फक्त घाटावरच्या वरातीत चार सेकंद नाहीत. फिल्म तुटलेली नाही, कुणीतरी ब्लेडनं सरळ कापलीय. आज तेवढा वेळ पडदा काळा राहणार. तुम्हाला काही आठवतं का?”

“न्हाई बा,” केरबा म्हणाला. “लई वर्सं झाली.”

चोराच्या मनात चांदणं. तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं, तरी केरबाचा कप बशीवर वाजला. उठताना तिनं सांगितलं, की सोमवारी हे काम कायमचं बंद होणार, मग त्यात काही घालता येणार नाही. तोवर काही आठवलं तर फोन करा.

ते चार सेकंद या घडीला केरबाच्या उशाखाली आहेत. दंतमंजनाच्या पत्र्याच्या डबीत गुंडाळून ठेवलेली सहा फुटांची पट्टी, शहाण्णव फ्रेमा. आणि प्रत्येक फ्रेममध्ये त्याची लेक शालन आहे.

सिनेमावाल्यांनी गर्दी दाखवायला पेठेतली पोरं गोळा केली होती, त्यात सात वर्षांची शालन होती. वरातीमागून ती घाटाच्या पायऱ्या उतरते. चपलेचा अंगठा तुटलेला, म्हणून एक चप्पल पायात आणि एक हातात. पुढं सातच महिन्यांनी घटसर्पानं तिचा गळा धरला आणि चार दिवसांत पोर गेली. सिनेमा लागला तेव्हा तिला जाऊन महिना झाला होता. तीन आठवडे केरबानं केबिनच्या भोकातून दिवसातून तीनदा तिला पायऱ्या उतरताना पाहिलं. त्याची बायको सगुणा रोज तीनच्या खेळाला यायची, बायकांच्या बाजूला बसायची. ते चार सेकंद झाले की पदर तोंडाला लावून उठायची आणि घरी जाऊन भाकऱ्या थापायची. नवराबायको त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलायचं काय होतं?

मग निरोप आला, की मुंबईचा माणूस उद्या डबे न्यायला येणार. केरबानं त्याच दिवशी पट्टी कापली. दुसऱ्या दिवशी माणूस आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मुंबईची कंपनी बुडाली होती, आणि ते डबे पुढं पन्नास वर्षं केरबाच्या केबिनपासून वीस पावलांवर पडून राहिले. दैवाला असली थट्टा बरी सुचते.

दोन वर्षांनी दिवाळीत टॉकीजच्या मालकानं तोच सिनेमा पुन्हा लावला. केरबाला न सांगता सगुणा तीनच्या खेळाला जाऊन बसली. संध्याकाळी तो जेवायला आला तर ती चुलीपुढं नुसतीच बसलेली. म्हणाली, “अवो, आपली शालन त्यात न्हवतीच व्हय? मलाच भास झाल्ता?”

केरबा मूग गिळून बसला. आधी भीतीनं, नोकरी गेली असती. मग लाजेनं. आणि या दोन्हींच्या तळाशी खरं कारण वेगळंच होतं, ते फक्त ऑपरेटरलाच कळेल. कापलेली पट्टी परत जोडायची तर टोकाची फ्रेम ब्लेडनं खरवडून साफ करावी लागते, तेव्हाच फिल्म चिकटवायचं सिमेंट धरतं. दोन टोकं म्हणजे दोन फ्रेमा जाणार. पहिल्या फ्रेममध्ये शालनची नुसती वेणी आणि खांदा आत येतो. शेवटच्यात ती मागं वळून बघते. केरबाला त्यातली एकही देववेना. त्या दोन फ्रेमांपायी त्यानं आईला लेक दाखवली नाही. सगुणा पुढं बायाबापड्यांना सांगायची, दुःखात माणसाला कायबी दिसतंय. तसं समजूनच नऊ वर्षांपूर्वी ती गेली.

पंखा कुरकुरतोय. मग ती कुरकुर बारीक होते, एकसारखी होते, आणि पंख्याची राहत नाही. टॉकीजचं मशीन चालू आहे. केरबा केबिनमध्ये उभा आहे, कार्बनच्या जळत्या कांड्यांच्या उजेडानं त्याची बाही तापलीय. गुडघे दुखत नाहीत याचं त्याला नवल वाटत नाही. स्टुलावर शालन बसलीय, पाय हलवत.

केरबा आधी तिचा गळा बघतो. सूज नाही.

“आबा, रीळ संपलं का?” ती विचारते. आवाज स्वच्छ आहे, बसलेला नाही.

“न्हाई गं. अजून हाय.”

“मग मी का थांबलीया?”

केरबा भोकातून खाली बघतो. खुर्च्यांच्या रांगा उतरत गेल्यात त्या पार पाण्यापर्यंत, आणि खुर्च्या दगडाच्या आहेत. तो घाटावर उभा आहे. वरात पुढं गेलीय, ताशाचा आवाज पलीकडच्या काठावरून येतोय. सगळा घाट रिकामा. मधल्या पायरीवर एकटी शालन, एक पाय उचललेला, हातात चप्पल.

“ह्यो पाय खाली टेकतच न्हाई,” ती सांगते. रडत नाही. मुलं दुखतंय कुठं ते सांगतात तसं सांगते.

“उन्हात हुबी ऱ्हाऊ नगंस, बाळ.”

“ऊन कुठलं आबा, डबीत? तुमी खिडकीपाशी धरता तवाच तेवढं दिसतंय.”

केरबाला वाटायचं, आपण तिला जपतोय. दर रविवारी खिडकीच्या उजेडाला पट्टी धरून तो एकेक फ्रेम बघायचा, आणि प्रत्येकीत ती नुसती उभी असायची. पोरगी चालायची ती फक्त मशीनमध्ये. हे त्याला, तीस वर्षं मशीन चालवलेल्या माणसाला, कुणी सांगायला हवं होतं का?

खालून बांगड्या वाजतात. भाकरी थापतानाचा तो आवाज केरबा हजारात ओळखेल. पाण्याजवळच्या पायऱ्यांवर धूर आहे, त्यामुळं कोण बसलंय ते दिसत नाही.

“आई हाय खाली,” शालन म्हणते. “मी हाका मारल्या. ती वर बघती आन् म्हनती, शालन न्हाईच तितं, मला भास हुतोय.”

केरबा पायरीवर खाली बसतो. पायरी लाकडाची आहे, पांढऱ्या रंगाचं बाक, सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यातलं. फिनेलचा वास येतोय. इथं त्यानं चार दिवस काढले होते. शालन शेजारी बसलीय, पाय अजून तसाच अधांतरी.

“मला जोडा की आबा.”

“जोडलं तर दोन फ्रेमा जातील, लेकरा. एक तू येतानाची. एक मागं बघतानाची.”

“सगळ्या किती हायत?”

“शहाण्णव.”

ती विचार करते. मग म्हणते, “शूटिंगला आमाला कागदात भडंग दिल्तं. मी निम्मं आईला आनलं हुतं. तुमी दोनबी देत न्हाईसा व्हय?”

पन्नास वर्षांत कुणी केरबाला एवढं रोखठोक विचारलं नव्हतं. विचारणार कोण, कुणाला माहीतच नव्हतं. तो तोंड पंच्यात घालतो आणि रडतो, दवाखान्यात रडायचं राहिलं होतं तेसुद्धा रडून घेतो. शालन त्याच्या पाठीवर हात ठेवते. हात गरम आहे, पण तापाचा नाही.

“आई वाट बघालीया,” ती म्हणते.

बाकावर ब्लेड आहे, सिमेंटची बाटली आहे, ब्रश आहे. केरबा पट्टी सरळ करतो. पहिल्या फ्रेमवर ब्लेड धरतो आणि खरवडतो. आधी वेणी जाते, मग खांदा. काळी भुकटी बोटांवर येते, खाली काचेसारखी स्वच्छ पट्टी उरते. दुसरं टोक घेतो. तिथं शालन मागं वळून त्याच्याकडं बघते आहे, नेहमी बघायची तशी. ही फ्रेम त्यानं इतक्यांदा बघितलीय, की आरशात स्वतःचं तोंड तेवढं बघितलं नसेल.

“ही ऱ्हाऊ दे की गं,” तो म्हणतो. “एवढी एक.”

शालन अधांतरी पायाकडं बघत बसते.

केरबा डोळे मिटत नाही. मिटले तर ब्लेड चुकेल. तो खरवडतो, ब्रशनं सिमेंट लावतो, जोड दाबून धरतो आणि मनात दहापर्यंत मोजतो, पहिल्या उस्तादानं शिकवलं तसं. शालन भुकटी तळहातावर गोळा करते, एक कणही सांडू देत नाही.

“ह्या दोन आईला नेते,” ती म्हणते.

कुठंतरी मशीन सुरू होतं. तिचा पाय पायरीवर टेकतो. बाक नाही, व्हरांडा नाही. घाट आहे, ऊन आहे, आणि शालन पायऱ्या उतरतेय, एक, दोन, तीन, मूठ घट्ट मिटून. खाली बांगड्या वाजायच्या थांबतात. कुणीतरी उठून उभं राहिल्यासारखं धुरात दिसतं.

केरबा हाक मारतो. त्याला तिचं तोंड एकदा बघायचंय. पण ती मागं वळत नाही. वळायची फ्रेम आता नाही. चार सेकंद होतात आणि ती घाटाच्या कडेनं बाहेर जाते.

“आबा, उठा. चार वाजलं.” सून दारात आहे. “च्या ठेवलाय. तोंड धुवा, आवरायला हवं.”

वर पंखा कुरकुरतोय. केरबा उठून बसतो. पंचा ओला आहे. चहाकडं न बघता तो सुनेला म्हणतो, “त्या नेत्राताईला फोन लाव.”

सून नंबर लावून फोन हातात देते. केरबा एका दमात बोलतो, मध्ये थांबला तर पुन्हा मूग गिळेल हे त्याला ठाऊक आहे. “ताई, मी केरबा सुतार. ते चार सेकंद माज्याकडं हायत. मीच कापलं. माजी लेक हुती त्यात. आज तुमी मला फेटा बांधू नगासा.”

सून दारातच खाली बसते. पलीकडून नेत्राचा आवाज येतो, सकाळपेक्षा हळू. “आजोबा, फेट्याचं नंतर बघू. पट्टी शाबूत आहे ना?”

“हाय. पर जोडायला दोन टोकं खरवडावी लागतील.”

“नाही हो आजोबा. आता खरवडायला लागत नाही. आम्ही फोटो काढल्यासारखी एकेक फ्रेम घेतो. सोमवारपर्यंत होईल. एकही जाणार नाही, सगळ्या शहाण्णव बसतील.”

एकही जाणार नाही. केरबा फोन कानाला तसाच धरून उशीखालची डबी ओढतो. झाकण उघडतो. पट्टीचा नेहमीचा आंबूस वास येत नाही. सिमेंटचा येतो, नाकात चढणारा, ताजा. सिमेंटची बाटली या घरात कधीच नव्हती आणि टॉकीज बंद होऊन पंचवीस वर्षं झाली.

तो पट्टी खिडकीच्या उजेडाला धरतो. पहिली फ्रेम कोरी आहे, काचेसारखी. वेणी नाही, खांदा नाही. गुंडाळी सोडत तो दुसऱ्या टोकाशी जातो. तीही कोरी. अंगठा टोकाला लागतो आणि चिकटतो. अजून सुकलेलं नाही.

“आजोबा? ऐकताय ना?” फोनमधून नेत्रा विचारते. “शहाण्णवच आहेत ना?”

“चौऱ्याण्णव धरा, ताई.”

“दोन कुठं गेल्या?”

केरबा अंगठा सोडवून घेत नाही.

“तिच्या आईला दिल्या,” तो म्हणतो.